परत पाठवण्याचं काम

माझं काम नेमकं काय, हे मी एकदा पौडच्या सलूनमध्ये सांगायला गेलो. न्हावी माझ्या मानेवर वस्तरा टेकवून म्हणाला, "म्हंजे तुमी पोरं गोळा करता, फादर बनवायला." मी म्हटलं, "नाही रे बाबा, आलेली पोरं मी परत घरी पाठवतो." त्याने वस्तरा थांबवला. "आन् ह्याच्यासाठी मानूस ठिवलाय व्हय चर्चनं?"

ठेवला होता. कॅथलिक धर्मगुरू व्हायचं म्हणजे आठ-नऊ वर्षं सेमिनरीत शिकायचं, लग्न करायचं नाही, स्वतःचं घर करायचं नाही आणि बिशप सांगतील त्या गावी मुकाट्याने जायचं. एखाद्या तरुणाला हे सगळं करावंसं वाटलं, की आम्ही म्हणतो त्याला पाचारण आलं, म्हणजे देवाने बोलावलं. पण देवानेच बोलावलं की आणखी कोणी, हे तपासायला एक माणूस लागतो. बिशपांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिलं, कारण दुसरा कोणी घ्यायला तयार नव्हता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. एक जण प्रेमभंग झाला म्हणून आला. मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी तो आला तो स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. दुसऱ्याला आमचा पांढरा झगा फार आवडायचा, शिंपी कोण म्हणून विचारत होता. हिंजवडीतल्या एका कंपनीतला मुलगा मॅनेजरला कंटाळून आला होता. "फादर, तुमच्यात अप्रेझल नसतं ना?" मी म्हटलं, "असतं, पण मेल्यावर." तो पुन्हा दिसला नाही.

माझी पद्धत साधी होती. आधी मुलाच्या घरी जेवायला जायचं. घरच्यांशी शेतीच्या, पावसाच्या, पोराच्या लहानपणाच्या गप्पा मारायच्या आणि जेवण रंगात आलं की एक वाक्य हळूच टाकायचं: "बघू. कदाचित आम्ही त्याला घेणारही नाही." आणि आईच्या तोंडाकडे बघायचं. आई कितीही भाविक असो, त्या वाक्याला तिचा चेहरा खुलतो. वरवर ती म्हणते, "देवाची मर्जी, फादर," आणि ताटात न मागता एक भाकरी पडते. ती भाकरी पडली की मला कळायचं, घर ठीक आहे. मुलगा हवाहवासा आहे, आणि तरी तो निघालाय.

मग मुलाला मुळशीला न्यायचं. पौडहून ताम्हिणीकडे जाताना धरणाच्या पाण्याजवळ आमचं एक साधनागृह आहे. तिथे आठवडाभर मौन. मोबाइल माझ्या कपाटात. दिवसातून एकदा माझ्याशी बोलायचं, बाकी प्रार्थना, मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली उपासना, आणि खिडकीबाहेरचा पाऊस. तिथे मी एकच गोष्ट शोधायचो, ती म्हणजे भीती. म्हातारपणी माझं कोण करेल, एकटं वाटेल का, आईवडिलांकडे कोण बघेल, असं विचारणारा मुलगा मला आवडायचा. आपण काय सोडतोय हे त्याला कळलेलं असायचं. ज्याला कसलीच भीती नाही, त्याला मी डोळे मिटून परत पाठवायचो.

नितीनने एकही प्रश्न विचारला नाही.

तो मूळचा नगरकडचा, हिंजवडीत एका आयटी कंपनीत चांगल्या नोकरीला. विधवा आईला घेऊन लवळ्यात भाड्याने राहायचा. रविवारच्या मिस्सेला वेळेवर, वाचन करायला पुढे, गाण्यात पुढे, खुर्च्या आवरायला पुढे. निर्व्यसनी, शांत, हुशार. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "फादर, मला सेमिनरीत जायचंय." मी म्हटलं, "विचार काय आहेत तुझे? शंका?" तो म्हणाला, "शंका नाहीत. फक्त किती लवकर होईल, एवढं सांगा." इतका चांगला उमेदवार माझ्याकडे कधी आला नव्हता आणि मला त्याच्याकडे बघून धास्ती का वाटावी, हे मला कळेना.

मी त्याच्या घरी गेलो. लवळ्यात विद्यापीठांमुळे गावकऱ्यांनी खोल्यांवर खोल्या चढवल्यात, तशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर ही मायलेकरं राहत होती. खाली पायरीवर घरमालकीण हौसाआक्का लसूण सोलत बसल्या होत्या.

"तुमीच का त्ये फादर? नितीनला न्यायला आलाय व्हय?"

"न्यायला नाही, बघायला आलोय."

"पोरीला बघायला येत्यात. पोराचं काय बघायचं? लई गुनाचा हाय. पर हसत न्हाई कदी. त्येवढं बघा."

वर नितीनची आई शांताबाई वाट बघत होत्या. कॉलेजच्या होस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटायच्या त्या. बाई स्वभावाने गोड, पण नजर सारखी पोरावर. तो पाणी प्यायला उठला तरी मान वळायची. तो खाली दुकानात दही आणायला गेला तेव्हा त्या खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या आणि तो परत येईपर्यंत माझ्या बोलण्याला नुसतं "हं, हं" करत राहिल्या. मी जेवायला बसलो, रस्सा छान झाला होता, आणि मी माझं वाक्य टाकलं.

शांताबाईंच्या हातातली पळी थरथरली. रस्सा चटईवर सांडला. चेहरा पांढराफटक पडला.

"असं म्हणू नका, फादर," त्या म्हणाल्या. "घ्या त्याला. लवकर घ्या."

भाकरी पडलीच नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. पोरगं जाईल म्हणून घाबरणाऱ्या आया मी पाहिल्या होत्या. ही बाई पोरगं जाणार नाही म्हणून घाबरली होती.

श्रावणात मी नितीनला मुळशीला नेलं. त्या दिवसांत तिकडे पाऊस असा लागतो की पलीकडचा डोंगर आहे का नाही याचीच शंका यावी. पहिल्या दिवशी म्हणाला, छान वाटतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, छान वाटतंय, पण नखं खाऊन बोटांची सालं निघाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर हौसाआक्कांचा फोन आला. शांताबाई मेसमध्ये चक्कर येऊन पडल्या, पिरंगुटच्या दवाखान्यात नेलंय. "सलाइन लावलीया. भ्यायाचं कारन न्हाई, पर पोराला सांगा."

मी नितीनला सांगितलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि ती नजर मला अजून आठवते. चोरी पकडल्यावर माणूस बघतो तशी. मी म्हटलं, "चल, गाडी काढतो," आणि किल्ली आणायला आत गेलो. बाहेर आलो तर ओसरी रिकामी. फाटकाजवळ त्याच्या चपला पडलेल्या.

मला वाटलं, घाईने पिरंगुटच्या बाजूला चालत सुटला असेल. पौडच्या रस्त्याने गाडी बरीच पुढे नेऊन माघारी आलो, तर फाटकासमोर एक गुराखी इरलं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "त्यो वर गेला की, घाटाकडं. पळत हुता."

घाटाकडे. आईच्या उलट्या दिशेला. ताम्हिणीच्या त्या रस्त्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे, हे मला कोणी सांगायला नको होतं. काच पुसली तरी पुढचं दिसत नव्हतं. धबधब्याजवळ गाड्या थांबवून मुलंमुली गाणी लावून भिजत होती आणि मी काच खाली करून प्रत्येकाला विचारत होतो, अनवाणी मुलगा पाहिला का. एकाने हसून विचारलं, "अंकल, पिऊन आहे का तो?" मी पुढे गेलो. तोंडाने जपमाळ चालू होती, पण मनात एकच, की मी ह्याला इथे आणलं, मी ह्याला गप्प बसवलं, आणि आता त्याच्या आईला काय सांगू.

ताम्हिणीच्या अलीकडे एका बंद धाब्याच्या पत्र्याखाली तो सापडला. पालथ्या घातलेल्या टेबलांच्या मागे, गुडघे छातीशी घेऊन बसलेला. पायातून रक्त येत होतं. मी शेजारी जमिनीवरच बसलो.

"अरे, आई पिरंगुटला आहे. तू इकडे कुठे?"

"माहितीये, फादर. म्हणूनच इकडे आलो. मी जवळ गेलो तर तिला जास्त होईल."

"का होईल?"

मग तो बोलला. कुडकुडत, तुटक तुटक, पण सगळं बोलला.

तो तान्हा असताना त्याला मेंदूज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले. शांताबाईंनी त्याला मतमाऊलीच्या पायरीवर ठेवलं. आमच्याकडे येशूच्या आईला, पवित्र मरियेला, मतमाऊली म्हणतात. नवस केला की हा वाचला तर तुझा, तुझ्या पुत्राच्या सेवेला देईन. तो वाचला. नात्यागोत्यात सगळे त्याला मतमाऊलीचा म्हणूनच ओळखायचे, कौतुकाने. असले नवस आमच्या गावांत पुष्कळ होतात. पोरं मोठी होतात, लग्नं करतात, आया मेणबत्त्या लावून मोकळ्या होतात. ही मायलेकरं मोकळी झाली नाहीत.

"कंपनीत एक मुलगी होती, फादर. स्नेहल. मी घरी सांगितलं की मला हिच्याशी लग्न करायचंय. त्याच आठवड्यात बाबा स्टँडवर कोसळले. गेले. कोणी मला काही बोललं नाही. आईने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं."

"आणि तू स्नेहलला सोडलंस."

"हो. आता फक्त आई उरलीये. तुम्ही मला घेतलं की ती वाचेल, एवढंच मला पाहिजे होतं. पण काल प्रार्थनेला बसलो आणि मनात आलं की मला हे नकोय. नुसतं मनात आलं हो. कुणाला बोललो नाही. आणि आज सकाळी तुम्ही सांगता, आई पडली."

मी इतकी वर्षं लोकांना शिकवलं की देव असा हिशेब करत नाही. तरीही त्या पत्र्याखाली माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी म्हटलं, मेसमध्ये भट्टीपुढे उभं राहून कोणालाही चक्कर येते. तो म्हणाला, "बाबांचंही डॉक्टरांनी हार्टच सांगितलं होतं." मी त्याला उचलून गाडीत बसवलं.

पिरंगुटला पोचल्यावर तो दवाखान्याच्या दारातून आत यायलाही तयार नव्हता, मी दंडाला धरून आणला. कॉटवर शांताबाई, उशाशी हौसाआक्का. शांताबाईंनी त्याला बघितलं आणि सलाइनच्या हातानेच त्याला चाचपायला लागल्या, डोकं, खांदे, छाती. "तुला काय झालं न्हाई ना? पाय कशानं कापला? ताप हाय का?"

हौसाआक्का वैतागल्या. "अगं, तू पडलीयास, त्यो न्हाई. फादर, तीन दिस झालं हिच्या पोटात अन्नाचा कण न्हाई. पोरगा गेल्यापसनं उपास धरलाय. मी भाकरी आनून दिली तर खालच्या कुत्र्याला घातली हिनं."

"कशासाठी, शांताबाई?"

त्या नितीनकडे न बघता म्हणाल्या, "तुमी म्हणाला व्हता, घेणार न्हाई कदाचित. तुमी त्याला माघारी लावला तर मतमाऊली त्याला नेईल. मी तिला दिलेला हाय. त्याचे बाबा गेले तवाच मला कळलं, आता पुढचा नंबर ह्याचा."

नितीनने मान वर केली. आईने एकदाच त्याच्याकडे बघितलं होतं, त्या नजरेचा अर्थ त्याला आत्ता लागत होता. त्याला वाटत होतं आई जाईल. तिला वाटत होतं तो जाईल. एका छोट्या खोलीत, एका ताटात जेवून, दोघं एकमेकांना मरणापासून राखत बसली होती आणि एकमेकांना बोलली नव्हती.

मी शहाणपणा करायला गेलो. "शांताबाई, नवस ज्याने केला त्याच्यापुरता असतो. दुसऱ्याचं आयुष्य देता येत नाही. चर्चचा कायदाच तसा आहे."

"कायदा तुमचा हाय, फादर. लेकरू माझं हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "राग मानू नका. पण तुमाला लेकरू न्हाई. तुमाला ही भीती काय म्हाईत?"

मी रागावलो नाही, पण लागलं. खरं होतं ते.

असले नवस सोडवण्याचा अधिकार बिशपांनी मला दिलेला होता. गाडीत धर्मगुरूचा गळ्यातला पट्टा असतो, तो आणला, गळ्यात घातला, कॉटशेजारी उभा राहिलो आणि नवस सोडवल्याचं रीतसर म्हटलं. शांताबाईंनी क्रूसाची खूण केली. हौसाआक्कांनीही हात जोडले. मला वाटलं, झालं.

"तुमी सोडलं," शांताबाई म्हणाल्या. "तिनं सोडलं का?"

पुढे मी जे बोललो ते कुठल्याही पुस्तकात नाही, आणि नंतर बिशपांनी मला त्यावरून चांगलंच फैलावर घेतलं. मी म्हटलं, "तो नवस मला द्या. त्याचं जे काय व्हायचं ते आता माझ्या अंगावर. तुम्ही त्यातून सुटलात, तोही सुटला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. भाजीवाल्याचा ताजवा बघतात तशा.

"खरंच घेता?"

"घेतो."

"मंग रोज तो घरी पोचला का न्हाई, हे तुमी बघायचं. मी न्हाई आता बघणार."

आणि त्यांनी हौसाआक्कांच्या हातातला चहा घेतला, त्यात बिस्किट बुडवलं आणि खाल्लं. नितीन भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. मी त्याला म्हटलं, "तू परत घरी जायचंस. मी तुला घेत नाही." माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात आनंदाचा नकार.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी माझ्या मोबाइलवर एक शब्द यायला लागला: पोचलो. मला सुरुवातीला गंमत वाटली. मग एकदा पावसात तो शब्द आला नाही. नांद्याकडून लवळ्याला येणारा रस्ता, त्यावर डंपर, त्यात ह्याची दुचाकी. मी खिडकीशी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. ताट तसंच राहिलं. शेवटी हौसाआक्कांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आलाय त्यो, भिजलाय, चा पितोय. फोन भिजला म्हनं. तुमी बी चा प्या."

"आणि शांताबाई?"

"ती झोपलीया निवांत. तिला काय त्याचं."

तिला काय त्याचं. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. ही भीती काय म्हाईत, असं विचारलं होतं ना बाईंनी? ती माझ्या घरी राहायला आली होती. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स वाजली की मी फोन शोधायला लागायचो. फोनवर त्याचं नाव दिसलं की आधी वाईटच मनात यायचं. मतमाऊली असले सूड घेत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरीही मी तिच्यापुढे रोज उभं राहून म्हणायचो, तो नवस माझ्याकडे आहे बरं का, काही असेल तर माझ्याकडे बघ.

मी निवृत्त झालो. काम एका तरुण फादरांकडे गेलं. त्यांना मीच तयार केलं होतं, मुलाच्या घरच्या जेवणासकट आणि त्या एका वाक्यासकट. आणि एका रविवारी नितीन माझ्या खोलीवर आला. आता तो हसायचा, थोडा सुटलाही होता. बसला आणि विचारायला लागला.

"फादर, तुम्हाला एकटं वाटतं का?"

"का रे?"

"म्हातारपणी कोण बघतं? आजारी पडलात तर? कोणी आपलं म्हणावं असं नसतं, त्याचं काय करता? माझ्या मनात पुन्हा तेच येतंय, सेमिनरीत जायचं. पण आता भीती वाटते. आईसाठी नाही, माझ्यासाठी. तरी येतंय मनात."

ज्या प्रश्नांची मी आयुष्यभर वाट बघितली, ते सगळे त्याने एकापाठोपाठ विचारले. असा मुलगा आला की उठून त्याचा हात धरायचा, हे मीच माझ्या वारसाला शिकवलं होतं. आणि मी काय म्हणालो? "घाई काय आहे? प्रमोशन होऊ दे. आईचं बघ. पुढच्या वर्षी बघू." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, ही वाक्यं माझी नाहीत. ही मी शेकडो घरांत जेवताना ऐकलेली आहेत.

मी बिशपांना सांगितलं, याच्याबद्दल मला विचारू नका. घरच्या माणसाने परीक्षा घ्यायची नसते.

गेल्या महिन्यात ते तरुण फादर लवळ्याला जेवायला गेले. शांताबाईंचा मला फोन आला, "तुमीबी या. आमच्या बाजूचं कुणीतरी पायजे." म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी त्या चटईच्या दुसऱ्या बाजूला बसलो. फादरांनी शेतीची चौकशी केली, पावसाची केली, नितीनच्या लहानपणाची केली. रस्सा तसाच झणझणीत होता. मला पुढचं सगळं माहीत होतं, आणि तरीही मी घास हातातच धरून बसलो होतो. त्यांनी बोटं चाटली, पाणी प्यायले आणि सहज म्हणाले, "बघू. कदाचित आम्ही त्याला घेणारही नाही."

शांताबाईंची पळी थरथरली नाही. "देवाची मर्जी, फादर," असं म्हणून त्यांनी फादरांच्या ताटात न मागता भाकरी वाढली.

पण ते फादर शांताबाईंकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. माझा चेहरा कसा खुलला होता, ते मला आरशाशिवाय कळत होतं. इतका वेळ छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं, आणि ते लपवायला मला वेळ मिळाला नव्हता. नितीननेही ते पाहिलं. तो उठला, टोपल्यातली एक भाकरी घेऊन माझ्या ताटात ठेवली आणि माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "भिऊ नका, फादर. पोचलो की कळवीन."